बाजूला बसण्याचा नंबर

काकूंनी केसपेपर माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. त्यांनी दोन बोटांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पाऊलभर मागे झाल्या.

मी मनात म्हटलं, कळलं. घाटावरच्या आहेत.

काशीत मराठी माणसं दोन तऱ्हेची. एक घाटवाले, म्हणजे पिढ्यान् पिढ्या गंगेकाठच्या गल्ल्यांत राहणारे, पूजा, पाठ आणि यजमान सांभाळणारे. दुसरे आम्ही बदलीवाले. वडील सरकारी नोकरीत, बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घाटवाले आम्हाला हळदीकुंकवाला अगत्याने बोलवत, पण आमच्या घरी पाण्याचा पेला पुढे केला की ‘आत्ताच घेतलं’ म्हणत. काकूंचा पत्ता संकठा घाटाजवळचा होता. त्यामुळे मला विशेष वाटलं नाही. कागद उचलला आणि कामाला लागले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी एका धर्मादाय इस्पितळाच्या बिल विभागात होते. ज्या रुग्णाचा खर्च त्याचं खातं, बँक किंवा विमा कंपनी देणार असेल त्याचं बिल माझ्याकडे यायचं. बिलातली प्रत्येक बाब त्या त्या खात्याच्या दरपत्रकात शोधायची आणि तिथला क्रमांक तिच्यापुढे घालायचा. क्रमांक बरोबर असेल तर पैसे येतात, नसेल तर बिल परत येतं. आता या कामाला कोडिंग म्हणतात, त्याचे वर्गही चालतात. आम्ही ‘नंबर बसवणे’ म्हणायचो. ‘याचा नंबर कुठे बसतोय बघ’ हे वाक्य माझ्या कानावर दिवसभर पडायचं. मला हे काम आवडायचं. गोष्टी जागच्या जागी गेल्या की मला बरं वाटतं, अजूनही.

काकू अशक्तपणासाठी दाखल झाल्या होत्या. अंगात रक्त कमी, दोन बाटल्या चढवायच्या. साठी ओलांडलेली बाई. मुलगा सरकारी खात्यात, आई त्याच्यावर अवलंबून, म्हणजे बिल खात्याकडे जाणार. सगळं साधं. केसपेपरवरून मी फॉर्म भरत गेले आणि एका ओळीशी अडकले. तरुण डॉक्टरने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘पतीपासून विभक्त’.

पण पती तर बाहेर बाकावर मांडीवर डबा घेऊन बसले होते. अहिल्याबाई घाटावर यांची छत्री, म्हणजे यजमानांची पूजा सांगायची जागा. यजमान सोडून आलेले, कपाळावरचं गंध अजून ओलं. मी त्यांना आत बोलावलं.

“काका, एक विचारायचंय. तुम्ही आणि काकू वेगळे राहता का?”

“वेगळे म्हणजे?”

“म्हणजे एका घरात नाही.”

ते हसायला लागले. “अगं, आमचं पटत नाही हे सगळ्या घाटाला ठाऊक आहे. पण वेगळं राहायला जागा कुठाय? दोन खोल्या आणि एक देवघर.”

“मग डॉक्टरांना असं कोणी सांगितलं?”

काकू पलीकडे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. “मीच काहीतरी बोलले असेन. ते पोर डॉक्टर, शेजारी माझा मुलगा उभा. विचारतात काय, तर घर में सब ठीक है? कोई तकलीफ? मी म्हटलं, हम अलग बैठते हैं. आणखी काय सांगू?”

“अलग?”

त्यांचा आवाज एकदम खाली आला. “बाजूला गं.”

काकूंचा जन्म काशीतला. हिंदी माझ्यापेक्षा फर्डी. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मी त्यांना नंतर ऐकलंय, तो हात जोडायचा. पण ही गोष्ट घरात मराठीतच बोलली जायची आणि बायकांतच. तिच्यासाठी हिंदी शब्द त्यांना कधी लागलाच नव्हता. म्हणून मराठी शब्दच त्यांनी उचलून हिंदीत ठेवला, आणि परगावच्या डॉक्टरने त्याचा त्याला सुचला तो अर्थ लावला.

“म्हणून तर चहा मी करतोय दिवाळीपासून,” काका म्हणाले. त्यांना ती तक्रार सांगायला कोणीतरी हवंच होतं.

संक्रांत होऊन गेली होती.

“दिवाळीपासून?” मी विचारलं. “सारखं?”

“नाही, मधे चार-सहा दिवस उठते,” काकू म्हणाल्या. “न्हाऊन देवाला फुलं वाहते, की परत बसावं लागतं. बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती गं. आमच्या जाऊबाई म्हणतात, म्हातारीला पालवी फुटली. पोरीसोरी हसतात. मीही हसते. करू काय?”

मी हबकले. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, पण नंबर बसवता बसवता कोणत्या तक्रारीनंतर पुढे कोणती बिलं येतात हे डोक्यात बसलेलं असतं. मी फॉर्म तसाच टाकला आणि वरच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टरीणबाई होत्या त्यांच्याकडे गेले. त्या चहा पीत होत्या. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि परत उचललाच नाही.

तो तरुण डॉक्टर दुपारी माझ्या टेबलाशी आला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. “मैंने समझा घर का झगड़ा है,” तो म्हणाला. “बेटा साथ में था. सोचा, और पूछूँगा तो माताजी को बुरा लगेगा.”

म्हणजे काकूंनी त्याची लाज राखली होती आणि त्याने काकूंची. या दोघांच्या चांगुलपणात आजार मजेत वाढत होता. मला हे पचायला फार दिवस लागले.

तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. हाताबाहेर गेलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी काका, मुलगा आणि मी अशा तिघांना बसवून सांगितलं: आधी काही आठवडे बाहेरून किरणं, म्हणजे इकडच्या बोलीत सिंकाई. मग आतून रेडियम, दोनदा. “दोनदा,” त्या पुन्हा म्हणाल्या. “एकदा करून सोडलं तर अर्धवट राहील. आणि दोन्हींच्या मधे फार दिवस जाता कामा नयेत. दोन्ही वेळेवर झाली तर या बाई बऱ्या होण्याची मला चांगली आशा आहे.”

मी माझ्या वहीत लिहून घेतलं, रेडियम दोन, वेळेवर, आणि खाली रेघ मारली.

सिंकाई हा शब्द काकांनी शब्दशः घेतला. दुसऱ्या दिवशी ते रबरी पिशवी घेऊन हजर. “शेकायचंच आहे तर ही घ्या, घरची आहे. आणि मी म्हणतो, एवढ्यासाठी रोज रिक्षा करून इथे कशाला? वीट तापवून फडक्यात गुंडाळली की झालं.” मशीनवरच्या पोरांनी ती पिशवी नम्रपणे परत केली. काकू नेमाने येत राहिल्या. येताना माझ्या टेबलाशी थांबायच्या, कार्ड टेबलावर ठेवायच्या, मी शिक्का मारून टेबलावरच परत ठेवायची. मलाही तशीच सवय लागली.

रेडियमची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. “तुझ्या भाषेत समजाव. या खोलीला बायका घाबरतात. मागच्या आठवड्यात एक रडत रडत उठून दाराशी आली होती.”

मी तयारीने गेले. समजावण्याचे मुद्दे कागदावर काढले होते. काकू खाटेवर बसल्या होत्या, मी स्टुलावर.

“काकू, भूल देऊन आत पोकळ नळ्या बसवतील. मग तुम्हाला एका वेगळ्या खोलीत नेतील आणि त्या नळ्यांत किरणं सोडणाऱ्या बारीक कांड्या सरकवतील. त्या आत आहेत तोवर तुमच्या अंगातून किरणं बाहेर पडणार. म्हणून कुणी तुमच्याजवळ यायचं नाही.”

“शिवायचं नाही?”

“नाही.”

“आणि जेवण?”

“सिस्टर आणतील, ठेवतील आणि लगेच जातील. बोलतील त्यासुद्धा शिशाच्या आडोशामागून.”

“काकांनी यायचं नाही?”

“दारापर्यंत. जमिनीवर पिवळी रेघ आहे, तिच्या अलीकडे.”

“किती दिवस?”

“दीड-दोन.”

काकू मोठ्याने हसल्या. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. “म्हणजे तिसरा दिवस माफ! अगं, एवढं तोंड पाडून काय सांगतेस? परकरात होते तेव्हापासून हेच करत आलेय. कोपरा, चटई, वेगळं ताट, कुणी लांबून वाढायचं. हे मला शिकवायला नको.”

“पण इथे उताणं पडून राहायचं. कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही.”

“बसायचं नाही?” त्या विचारात पडल्या. “हे मात्र नवीन. बाजूला निजायचं म्हणजे.”

माझ्या कागदावरचा एकही मुद्दा लागला नाही. मी तो घडी घालून परत आणला.

पहिलं रेडियम लागलं त्या संध्याकाळी मी घरी जाताना त्या खोलीच्या दाराशी गेले. पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभी राहिले. आत शिशाचा आडोसा, त्यापलीकडे काकूंचे फक्त पाय दिसत होते.

“काकू, बरं आहे ना?”

“कोण, बिलवाली का? लांब उभी आहेस ना? शिवशील हो.”

“रेघेबाहेर आहे.”

“हं. पाठ भरून आलीय. बाकी ठीक. इथे देवघर नाही, स्वयंपाकघर नाही, येताजाता कुणी अंग चोरत नाही. घरापेक्षा बरं.” मग आतून आवाज आला. “तुला एक सांगू? इतकी वर्षं बसले, पण माझ्यापासून एवढं काय जपायचं असतं ते कुणी सांगितलं नाही मला. आईने नाही, सासूने नाही. मी विचारलंही नाही. इथे त्या केरळच्या सिस्टरने सांगितलं. किरणं आहेत, आम्हाला लागतील, कांड्या काढल्या की गेली. ऐकून इतकं बरं वाटलं!”

मी रेघेबाहेर उभी होते. आमच्या घरी ही पद्धत कधीच सुटली होती. सरकारी क्वार्टरमध्ये बाजूला बसायला बाजूच नव्हती, असं माझी आई म्हणायची. मी त्यावर हसत मोठी झाले. बायकांना अंगातून किरणं निघत असल्यासारखं कोपऱ्यात ठेवतात, आणि खरोखर किरणं निघतात तिथे त्यातल्या एकीला पहिल्यांदा कारण कळतं. मी “येते” म्हणून निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की पर्स टेबलावरच राहिली.

पहिलं रेडियम नीट पार पडलं. दुसऱ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पंधरवड्यातला दिवस ठरवून दिला. मी पहिल्याचं बिल केलं आणि दुसऱ्याच्या मंजुरीचा अर्ज त्याच पाकिटात घातला. खात्याची आधी मंजुरी आल्याशिवाय मॅनेजर दाखल करून घेत नसत, आणि पदरचे भरावेत अशी घरची स्थिती नव्हती.

त्या बिलाने मला घाम फोडला होता. खात्याचं दरपत्रक जुनं. त्यात बाहेरून द्यायच्या किरणांना नंबर होता, पण आतल्या रेडियमला नव्हता. मग मी तुकडे केले. नळ्या बसवणं शस्त्रक्रियेखाली, भूल भुलेखाली, नळ्या जागेवर आहेत का हे पाहण्याचा फोटो एक्स-रेखाली. वेगळ्या खोलीसाठी शोध शोध शोधलं तेव्हा ‘विलग कक्ष’ सापडला. काकू बाजूला बसल्या होत्या आणि त्यांचं बिल काही केल्या बसत नव्हतं. शेवटी बसवलं एकदाचं, असं मला वाटलं.

ते आठवड्याच्या आत परत आलं. दोन हरकती. एक, विलग कक्ष फक्त सांसर्गिक रोगासाठी. रुग्णास कोणता सांसर्गिक रोग आहे ते कळवावे. दोन, एकाच अवयवावर तीच शस्त्रक्रिया पुन्हा प्रस्तावित; दुबार बिल दिसते, मंजुरी देता येत नाही.

मी तो कागद वाचला, परत वाचला. दुबार! डॉक्टरीणबाईंचं ‘दोनदा, दोनदा’ माझ्या कानात होतं आणि इथे कोणीतरी लाल शाईत दोनदाच्या खाली रेघ मारली होती. ठरलेला दिवस तोंडावर आला होता. टपालाने उत्तर, त्यावर टिपण, त्यावर सही, यात दिवस हुकणार हे मला पक्कं माहीत होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, डॉक्टरीणबाईंकडून खुलाशाचं पत्र घेतलं, काकूंच्या मुलाला बरोबर घेतलं आणि खात्याच्या कचेरीत गेले.

बडे बाबू, म्हणजे तिथले हेडक्लार्क, पन्नाशीचे. कपाळावर टिळा, गालात पान, टेबलावर फायलींची भिंत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

“देखिए मैडम, हम मना नहीं कर रहे. कागज मना कर रहा है.”

“कागज क्या कहता है?”

“पहली बात, अलग कमरा. वो छूत की बीमारी में मिलता है. माताजी को छूत है?”

“नहीं. कैंसर है.”

“तो अलग कमरा काहे का? दूसरी बात, वही मरीज, वही अंग, वही ऑपरेशन, दुबारा. ऑडिट हमारी खाल खींच लेगा. कहेगा, बच्चेदानी एक और बिल दो?”

मागच्या टेबलावरचे दोघे खदखदून हसले. काकूंचा मुलगा आपल्या बुटांकडे पाहत बसला. मी डॉक्टरीणबाईंचं पत्र पुढे केलं. बडे बाबूंनी ते ओठ हलवत वाचलं. “अंग्रेजी बढ़िया है,” म्हणाले, आणि घडी घालून मला परत दिलं.

मला राग आला. राग आला की मी फार स्वच्छ बोलते.

“बड़े बाबू, आपके घर में औरतें महीने में अलग बैठती हैं?”

हसणं थांबलं. काकूंच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला भर बाजारात चपराक मारलीय.

“मैडम, ई दफ्तर है.”

“इसीलिए पूछ रही हूँ. बैठती हैं?”

“बैठती हैं,” त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “हमारे यहाँ सब नियम से होता है.”

“उनको छूत की बीमारी होती है?”

“राम राम! बीमारी काहे की?”

“फिर भी अलग कोना, अलग बरतन, कोई छूता नहीं.”

“हाँ तो वो…”

“और अगले महीने फिर बैठती हैं तो आप कहते हैं कि पिछले महीने तो बैठ चुकी हो, ये दुबारा है?”

मागून कोणीतरी म्हणालं, “गए गुरु, आज बड़े बाबू गए!” आणि पुन्हा हशा पिकला, पण या वेळी त्यांच्यावर. ते स्वतःही हसले, खोकले, पिचकारी टाकून आले. येऊन बसले तेव्हा त्यांचा सूर बदलला होता.

“तो बैठना दो बार है.”

“दो बार. इलाज एक, बैठना दो बार. और छूने से बीमारी नहीं, किरण लगती है.”

“अरे तो ई कहिए न कि दो सिटिंग है!” त्यांनी दरपत्रक ओढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. किरणोपचार, प्रति सिटिंग. “आप ऑपरेशन में काहे डाल दीं? ऑपरेशन दुबारा नहीं होता, सिटिंग दुबारा होती है. दस बार होती है. ऑपरेशन पहली सिटिंग का अंग, दूसरी सिटिंग का भी अंग. और कमरा भी सिटिंग का अंग.”

मी पाहतच राहिले. ती ओळ मी पन्नासदा वाचली होती, काकूंच्या सिंकाईच्या बिलात रोज लिहिली होती. सिटिंग म्हणजे बसणं, हे इतक्या वर्षांत माझ्या मराठी डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने टिपण लिहिलं, आतल्या साहेबांची सही आणली, शिक्का मारला. नंबर बसला.

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा मागून हाक आली. बडे बाबू रेलिंग धरून खाली येत होते. “मैडम, एक मिनट. अकेले में.”

काकूंचा मुलगा पुढे गेला. बडे बाबू माझ्या एक पायरी वर थांबले. पान कुठे गेलं होतं कोण जाणे.

“हमारी अम्मा,” ते म्हणाले. “सत्तर की होंगी. शिवरात के आसपास से फिर अलग बैठने लगी हैं. घर में बहुएँ हँसती हैं. हम भी कहे, अम्मा जवान हो गईं.” ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. “आप जो वहाँ बोल रही थीं… इस उमर में, ये होता है क्या?”

जिन्याच्या कठड्याचा गारवा हाताला लागत होता, एवढं मला आठवतं. वर फायलींचे गठ्ठे पडत होते, कोणीतरी चहावाल्याला ओरडत होतं. मी इतका वेळ तावातावाने बोलत होते आणि समोरच्या माणसाच्या घरात तेच चालू होतं.

“नहीं होता,” मी म्हटलं. “कल सुबह ले आइए.”

“कल तो निरीक्षण है, परसों…”

“कल सुबह.”

त्यांनी आणलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळ उघडताच रिक्षा दाराशी उभी. अम्मा ठेंगण्या, पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून ओढलेला. मी कार्ड तयार करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले.

“मेज पर रख दो बिटिया,” त्या म्हणाल्या. “हम अलग बैठे हैं. तुमको छू जाएगा.”

मी कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि पाऊलभर मागे सरकल्या. अगदी तसंच, दोन बोटांनी.

मला एकदम गरम झालं. संक्रांतीपासून काकू माझ्या टेबलावर कागद ठेवत होत्या, मागे सरकत होत्या, आणि मी समजत होते की घाटावरच्या बाईला बदलीवालीचा हात चालत नाही. त्या मला जपत होत्या. अंगात त्राण नसताना, भिंत धरून उभं राहताना, मला विटाळ होऊ नये म्हणून पाऊल मागे घेत होत्या. मी नको असते तर त्या शिशामागून ‘शिवशील हो’ म्हणून ओरडल्या कशाला असत्या? हे माझ्या समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

अम्मांना वर पोचवून मी परत जागेवर आले, पण त्या दिवशी दोन बिलांत चुकीचे नंबर घातले. संध्याकाळी तपासताना सापडले.

काकूंचं दुसरं रेडियम ठरलेल्या दिवशी झालं. या वेळी त्यांनी सिस्टरला आधीच सांगून ठेवलं होतं की पाठीखाली पातळ घडी घाला, मागच्या वेळी भरून आली होती. काका रेघेबाहेर उभे राहून घरातली बित्तंबातमी देत होते आणि आतून उत्तरं येत होती. “डाळ करपली? करपणारच. आच मोठी ठेवता तुम्ही.” सिस्टर मला म्हणाल्या की या खोलीत एवढी बडबड त्यांनी कधी ऐकली नव्हती. अम्मांचंही तेच निघालं, त्यांच्यावरही पुढे आमच्याकडेच उपचार झाले. त्यांचं बिल मीच केलं, सगळं सिटिंगखाली, आणि त्यावर एकही हरकत आली नाही.

वैशाखात काकू तपासणीला आल्या. ऊन असं की बाहेरचा बाक हात लावू देत नव्हता. त्या वर जाऊन आल्या. डॉक्टरीणबाईंनी मला फोन करून सांगितलं की आत सगळं भरून आलंय, अगदी हवं तसं. आता दर दोन महिन्यांनी दाखवायचं.

थोड्या वेळाने त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. अंगावर नवी नाही, पण धुऊन कांजी केलेली साडी. केस न्हायलेले, अजून ओलसर. त्यांच्या हातात कार्ड होतं. मी सवयीने टेबलावरचे कागद बाजूला करून जागा केली आणि थांबले.

त्याही थांबल्या.

“अगं घे की,” त्या म्हणाल्या. “उठले मी.”

मी हात पुढे केला. त्यांनी कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं, आणि त्यावर आपला हात ठेवून तो क्षणभर तसाच राहू दिला. उन्हातून आलेला, खरखरीत, गरम हात.

“पुढची तारीख घालून दे,” त्या म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर टेकल्या. मग माझ्या टेबलाखाली डोकावल्या. तिथे मी घरून आणलेल्या पाण्याची सुरई असायची. “आणि पाणी दे गं. घसा सुकलाय. दुसरीकडून आणू नकोस, तुझ्यातलंच दे.”